खात्यातले न्यायासन : विभागीय चौकशी आणि ती चालवणारे अधिकारी

शासकीय सेवेतील व्यक्तीवर लाच, अपहार, खोट्या नोंदी, कामातील हयगय किंवा सहकाऱ्याशी गैरवर्तन असा आरोप झाला, की त्यातून दोन वेगवेगळे प्रश्न निर्माण होतात. ते कृत्य फौजदारी गुन्हा ठरत असेल, तर पोलीस किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग तपास करतो आणि शिक्षा देण्याचे काम न्यायालयाकडे जाते. परंतु ती व्यक्ती सेवेत राहण्यास पात्र आहे किंवा नाही, याचा निर्णय नोकरी देणाऱ्या शासनालाच घ्यावा लागतो. हा निर्णय घेण्याच्या नियमबद्ध पद्धतीला विभागीय चौकशी, किंवा कार्यालयांतील बोलीत खातेचौकशी, असे म्हणतात. ती चालवणारा अधिकारी बहुतेक वेळा त्याच प्रशासनाचा घटक असतो, म्हणजे जे शासन आरोप करते त्याच शासनाचा तो नोकर असतो आणि ज्याच्यावर आरोप आहे तोही त्याच्याच व्यवस्थेतला असतो. या अवघड स्थानावर बसून दोन्ही पक्षांना मान्य करावा लागेल असा निष्कर्ष काढता यावा, यासाठीच चौकशीच्या कार्यपद्धतीचे आजचे काटेकोर रूप घडत गेले आहे.

या पद्धतीचा पाया भारतीय संविधानात आहे. कलम ३१० नुसार शासकीय सेवक राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पद धारण करतो. परंतु लगेच पुढचे कलम ३११ या मर्जीला मर्यादा घालते. नियुक्ती करणाऱ्या प्राधिकाऱ्याहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला सेवकास काढून टाकता येत नाही, आणि आरोप कळवून व बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय त्याला बडतर्फ, सेवेतून कमी किंवा पदावनत करता येत नाही. फौजदारी न्यायालयात दोष सिद्ध झाला असेल, चौकशी करणे व्यवहार्य नसेल, किंवा राज्याच्या सुरक्षिततेसाठी ती न करणे इष्ट असेल, अशा तीनच परिस्थितींचा याला अपवाद आहे. महाराष्ट्रात ही तत्त्वे महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये तपशिलाने उतरली असून, कोणते वर्तन गैर मानायचे हे त्याच वर्षीचे वर्तणूक नियम सांगतात. नितांत सचोटी आणि कर्तव्यपरायणता राखणे हे त्यांतील मूलभूत बंधन आहे.

क्रॉफर्ड प्रकरणाचा धडा

चौकशीची ही कल्पना संविधानाहून जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात १८५० साली लोकसेवकांच्या चौकशीचा कायदा झाला, आणि त्याखालील सर्वांत गाजलेली चौकशी पुण्यात झाली. मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त म्हणून ज्यांचे नाव आजही तेथील बाजारपेठेच्या संदर्भात घेतले जाते, ते आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड पुढे मध्य विभागाचे आयुक्त झाले, आणि हाताखालच्या मामलेदारांकडून बदल्या व बढत्यांसाठी मध्यस्थामार्फत पैसे घेतल्याचा आरोप त्यांच्यावर आला. १८८८ साली त्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. ज्यांनी पैसे दिले त्यांच्याच साक्षीवर आरोप उभा होता, आणि लाच देणे हाही दोष असल्याने मामलेदार बोलण्यास तयार होणे अवघड होते. म्हणून सरकारने त्यांना अभय दिले. आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध झाल्याचे मानले नाही, मात्र आपल्या अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जे घेतल्याचा दोष कायम राहिला आणि क्रॉफर्ड यांना सेवा गमवावी लागली. पुढे लाच देणारे लोक अधिकारपदावर कसे, असा आक्षेप निघाला, अभय मिळालेल्या मामलेदारांची स्थिती डळमळीत झाली, आणि सरकारने दिलेला शब्द पाळावा यासाठी लोकमान्य टिळकांनी त्यांची बाजू सार्वजनिकरीत्या लढवली.

विभागीय चौकशीतील बहुतेक सगळ्या अडचणी या एका प्रकरणात दिसतात. वरिष्ठाविरुद्ध कनिष्ठांना बोलावे लागते, साक्षीदार स्वतःच व्यवहारात गुंतलेला असतो, साक्ष देणाऱ्याला नंतर त्याची किंमत मोजावी लागते, आणि मूळ आरोप सिद्ध न होता त्याच्या आजूबाजूचे लहान गैरवर्तनच पुराव्यात टिकते. अधिकारक्षेत्रातील व्यक्तींशी उसनवारी करण्यास मनाई करणारा नियम आजच्या वर्तणूक नियमांतही आहे, याचे कारणही याच अनुभवात शोधता येते; कारण लाच सिद्ध करणे कठीण असते, आर्थिक मिंधेपणा मात्र कागदावर दाखवता येतो.

प्राथमिक चौकशी : कागदांचे वाचन

तक्रार आल्यावर सुरू होणाऱ्या कामाचे दोन टप्पे असतात आणि त्यांचे स्वरूप एकमेकांपासून अगदी भिन्न आहे. पहिला टप्पा प्राथमिक चौकशीचा. तक्रारीत काही तथ्य आहे का, आणि असल्यास औपचारिक कारवाईइतका पुरावा मिळेल का, एवढेच या टप्प्यावर पाहायचे असते, आणि हे काम खात्यातील वरिष्ठ अधिकारी किंवा दक्षता शाखा करते. तक्रारींचा ओघ मोठा असतो आणि त्यांतल्या अनेक वैयक्तिक हेव्यादाव्यांतून आलेल्या असतात, म्हणून केंद्रीय दक्षता आयोगाने निनावी तक्रारींवर कारवाई न करण्याचे धोरण ठेवले आहे. हा आयोग के. संथानम यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९६४ साली स्थापन झाला, २००३ च्या कायद्याने त्याला वैधानिक दर्जा मिळाला, आणि केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांतील मुख्य दक्षता अधिकारी त्याच्या देखरेखीखाली काम करतात. स्वतःची ओळख देऊन तक्रार करणाऱ्याच्या जिवाला असणारा धोका २००३ साली अभियंता सत्येंद्र दुबे यांच्या हत्येने देशासमोर आला, आणि पुढच्या वर्षी केंद्राने तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवून अशी माहिती स्वीकारण्याचे काम याच आयोगाकडे सोपवले.

प्राथमिक चौकशी करणाऱ्याचे कौशल्य प्रामुख्याने कागद वाचण्याचे असते. शासकीय कामकाजात एकाच घटनेची नोंद अनेक ठिकाणी होते, त्यामुळे खोटी नोंद करणाऱ्याला त्या सगळ्या एकमेकींशी जुळवणे क्वचितच जमते. बांधकाम विभागाच्या मोजमाप पुस्तिकेत एखाद्या दिवशी रस्त्याचे मोजमाप घेतल्याचे लिहिलेले असते, पण त्याच दिवशी वाहनाच्या लॉगबुकात गाडी त्या बाजूला गेलेलीच नसते. रोजगार हमीच्या हजेरीपटावरचा मजूर त्याच तारखेला दुसऱ्या कामावरही हजर दिसतो. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीवरील रक्कम आणि कीर्दीतील जमा रक्कम यांत फरक पडतो. आवक-जावक नोंदवही, हालचाल नोंदवही, नस्तीवरील टिपणीच्या तारखा आणि कोषागाराची चलने समोरासमोर ठेवली, की तोंडी जबाबाआधीच घटनाक्रमाचा मोठा भाग स्पष्ट होतो. म्हणूनच मूळ कागद तातडीने ताब्यात घेणे हे या टप्प्यावरचे सर्वांत महत्त्वाचे काम असते, कारण नस्ती गहाळ झाली की अनेक आरोप उभेच राहू शकत नाहीत.

या टप्प्यावर घेतलेले जबाब आरोप असलेल्या व्यक्तीच्या पाठीमागे घेतलेले असू शकतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु त्याच कारणाने ते पुढे जसेच्या तसे पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. जबाब देणाऱ्याला औपचारिक चौकशीत उभे करून, त्याच्या आधीच्या जबाबाची प्रत संबंधिताला देऊन, उलटतपासणीची संधी द्यावी लागते. प्राथमिक चौकशीचा अहवाल कितीही खात्रीशीर वाटला तरी तो शिक्षेचा आधार होऊ शकत नाही, तो केवळ पुढच्या कारवाईची सुरुवात असतो.

दोषारोपपत्र आणि चौघांच्या भूमिका

शिस्तभंगविषयक प्राधिकारी, म्हणजे शिक्षा देण्याचा अधिकार असलेला वरिष्ठ, प्राथमिक निष्कर्ष पाहून चौकशी करण्याचे ठरवतो आणि दोषारोपपत्र बजावतो. त्याला चार जोडपत्रे असतात : पहिल्यात नेमके दोषारोप, दुसऱ्यात त्या प्रत्येकाचा तपशीलवार आधार, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी आणि चौथ्यात साक्षीदारांची यादी. 'कर्तव्यात कसूर केली' एवढेच म्हणणारा दोषारोप टिकत नाही, कारण त्याला उत्तर देणे अशक्य असते. कोणत्या तारखेला, कोणत्या पदावर असताना, कोणत्या कागदात, कोणते कृत्य केले आणि त्याने कोणता नियम मोडला, हे सांगावे लागते. अनेक प्रकरणे पुराव्याअभावी नव्हे, तर या टप्प्यावरच्या ढिसाळ लेखनाने कोलमडतात, कारण जे आरोपात लिहिलेले नाही ते नंतर साक्षीत सिद्ध झाले तरी त्याबद्दल शिक्षा देता येत नाही.

दोषारोप नाकारले गेले की चौकशी अधिकारी नेमला जातो. महाराष्ट्रात अशा कामासाठी प्रादेशिक विभागीय चौकशी अधिकारी ही स्वतंत्र पदे आहेत, आणि १९९१ ची विभागीय चौकशी नियमपुस्तिका हा त्यांच्या नित्य वापरातला ग्रंथ आहे. चौकशीच्या खोलीत मग तीन बाजू बसतात. शासनाची बाजू सादरकर्ता अधिकारी मांडतो. ज्याच्यावर आरोप आहे त्याला कार्यालयीन भाषेत अपचारी म्हटले जाते, आणि तो सहसा वकिलाऐवजी दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्याला बचाव साहाय्यक म्हणून घेतो. त्या दोघांच्या मध्ये चौकशी अधिकारी असतो. शिक्षा देणारा चौथा प्राधिकारी या खोलीत नसतो. ज्याने तक्रार केली, ज्याने प्राथमिक तपास केला किंवा जो घटनेचा साक्षीदार आहे, त्याने चौकशी अधिकारी होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आहे, आणि पूर्वग्रहाची शंका आल्यास अधिकारी बदलून मागण्याचा मार्गही अपचाऱ्याला असतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका प्रकरणात ही भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली : चौकशी अधिकारी खात्याचा प्रतिनिधी नसतो, तो स्वतंत्र निर्णायकाच्या स्थानी असतो, आणि कर्मचारी गैरहजर राहून चौकशी एकतर्फी चालली तरी खात्याचा पुरावा दोष सिद्ध करण्यास पुरेसा आहे का हे त्याला तपासावेच लागते. व्यवहारात ही मर्यादा पाळणे सोपे नसते. सादरकर्ता अधिकारी अननुभवी असेल आणि महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहून गेला असेल, तर तो स्वतःच विचारावा असे चौकशी अधिकाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. संदिग्धता दूर करणारा एखादा प्रश्न त्याला विचारता येतो, पण साक्षीदाराची उलटतपासणीच तो घेऊ लागला, तर फिर्यादी व न्यायाधीश या दोन भूमिका एकत्र आल्याचा दोष लागतो आणि संपूर्ण चौकशी रद्द होऊ शकते.

पुरावा किती पुरेसा

सुनावणीत आधी शासनाच्या साक्षीदारांची सरतपासणी, म्हणजे त्यांना बोलावणाऱ्या बाजूने घेतलेली तपासणी, होते. मग अपचाऱ्याच्या बाजूने उलटतपासणी आणि त्यानंतर त्याचा बचाव. अपचाऱ्याने स्वतः साक्ष दिली नसेल, तर त्याच्याविरुद्ध पुराव्यात आलेल्या गोष्टी त्याच्यासमोर ठेवून खुलासा विचारणे चौकशी अधिकाऱ्यावर बंधनकारक असते. प्रत्येक दिवशी काय घडले, कोण हजर होते, कोणती मागणी मान्य वा अमान्य झाली आणि का, याची नोंद रोजनाम्यात होते व त्यावर सर्वांच्या सह्या घेतल्या जातात; पुढे प्रकरण न्यायाधिकरणात गेल्यावर प्रक्रिया न्याय्य होती का, हे प्रामुख्याने या रोजनाम्यावरून ठरते.

फौजदारी खटल्यात दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, तर विभागीय चौकशीत संभाव्यतेचे प्राबल्य पुरते, म्हणजे उपलब्ध पुराव्यावरून आरोप खरा असण्याची शक्यता खोटा असण्याच्या शक्यतेहून अधिक दिसली पाहिजे. साक्ष अधिनियमाचे तांत्रिक नियमही येथे काटेकोरपणे लागू होत नाहीत. १९७७ साली हरियाणातील एका बसवाहकाच्या प्रकरणात, प्रवाशांकडून पैसे घेऊन तिकिटे न दिल्याचा आरोप होता आणि त्या प्रवाशांना साक्षीसाठी बोलावलेले नव्हते; तरीही तपासणी पथकाच्या निरीक्षकाच्या साक्षीसारखा विश्वासार्ह पुरावा असल्यास तेवढा पुरेसा होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. या शिथिलतेला खालची मर्यादाही आहे. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे तत्त्व १९६४ पासून प्रस्थापित आहे, आणि २००९ साली एका बँक कर्मचाऱ्याच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की पोलिसांचे कागद नुसते फाईलला जोडणे म्हणजे ते सिद्ध करणे नव्हे. त्यांतील मजकूर जाणणारा साक्षीदार पुढे यावा लागतो.

या दोन मर्यादांच्या मधला प्रदेश हेच चौकशी अधिकाऱ्याच्या विवेकाचे क्षेत्र आहे. अहवालात त्याला प्रत्येक दोषारोपाचा स्वतंत्र विचार करून सिद्ध, अंशतः सिद्ध किंवा असिद्ध असा निष्कर्ष द्यावा लागतो, आणि त्यामागे कोणती साक्ष ग्राह्य धरली, कोणती नाकारली व कोणत्या कारणाने, हे लिहावे लागते. शिक्षेची शिफारस करणे हे त्याचे काम नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी या रचनेला एक निराळी शाखा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निर्णयानंतर कार्यालयांत तक्रार समित्या आल्या. परंतु समितीने चौकशी केल्यावर खाते पुन्हा पहिल्यापासून चौकशी करत असे, आणि पीडित महिलेला तेच सारे दुसऱ्यांदा सांगावे लागे. पुण्यातील कार्यकर्त्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आदेश दिला, की समितीचा अहवाल हाच शिस्तभंग नियमांखालील चौकशीचा अहवाल मानला जावा. २०१३ च्या कायद्याने या चौकशीला ९० दिवसांची मुदतही घालून दिली.

अहवालानंतर

पूर्वी अनेक खात्यांत अहवाल गोपनीय ठेवून थेट शिक्षेचा आदेश निघे. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले, की शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याहून वेगळ्या व्यक्तीने चौकशी केली असेल तर तिच्या अहवालाची प्रत निर्णयापूर्वी कर्मचाऱ्याला मिळाली पाहिजे, कारण प्राधिकाऱ्याच्या मनावर ज्या कागदाचा परिणाम होणार त्याला उत्तर देण्याची संधी हा वाजवी संधीचाच भाग आहे. प्राधिकारी अहवालाशी असहमत होऊ शकतो, पण कारणे कळवून आणि कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकूनच. त्यानंतर शिक्षा ठरते : ठपका, नुकसानीची वसुली किंवा वेतनवाढ रोखणे या किरकोळ शिक्षा, तर पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी या जबर शिक्षा होत. शेवटच्या दोहोंत फरक असा, की काढून टाकलेल्या व्यक्तीला पुन्हा शासकीय नोकरीचा मार्ग बंद होत नाही, बडतर्फीने तो सामान्यतः बंद होतो.

या सगळ्याला लागणारा वेळ हा व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष आहे. साक्षीदार बदलून किंवा निवृत्त होऊन दूर गेलेले असतात, सादरकर्ता अधिकाऱ्याकडे स्वतःचे नियमित काम असते, मूळ कागद न्यायालयात अडकलेले असतात, आणि कधी अपचारीच तारखा मागत राहतो. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने चौकशी सहा महिन्यांत आणि अटळ कारण असल्यास वर्षभरात संपवण्याची अपेक्षा व्यक्त केली, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या निर्णयात दोषारोपपत्राविना निलंबन तीन महिन्यांपुढे नेता येणार नाही असे सांगितले. महाराष्ट्र शासनानेही २०१९ साली त्याला अनुसरून आदेश काढले. निलंबन ही औपचारिकरीत्या शिक्षा नसली तरी निर्वाह भत्त्यावर जगणाऱ्या कुटुंबाला ते शिक्षेसारखेच जाणवते. जुन्या मुंबई नागरी सेवा नियमांत, फौजदारी शिक्षेविरुद्ध अपील प्रलंबित असताना निलंबित राहिलेल्या सेवकाला दरमहा एक रुपया निर्वाह भत्ता देण्याची तरतूद होती. ती १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण एक रुपयात निर्वाह होत नाही. दुसऱ्या बाजूने, विलंबाचा फायदा दोषी व्यक्तीलाही मिळतो : निवृत्तीनंतर चौकशी सुरू करायची झाल्यास घटना चौकशी सुरू होण्याआधीच्या चार वर्षांतली असावी लागते, अशी अट महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत आहे.

ज्या नागरिकाच्या तक्रारीने हे सारे सुरू होते, त्याला मात्र शेवट बहुधा कळत नाही. कायद्याच्या दृष्टीने चौकशी ही शासन आणि त्याचा सेवक यांच्यातली बाब असते, तक्रारदार तिच्यात फार तर साक्षीदार असतो, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले, की कर्मचाऱ्याला दिलेल्या नोटिसा व शिक्षांचे आदेश ही व्यापक जनहित दाखवल्याखेरीज माहिती अधिकारात न मिळणारी वैयक्तिक माहिती आहे. परिणामी, न्यायालयाचा निकाल जसा लोकांच्या डोळ्यांसमोर येतो, तसा खातेचौकशीचा निष्कर्ष सहसा येत नाही, आणि निर्दोष ठरलेला कर्मचारीही आपले निर्दोषत्व गावाला दाखवू शकत नाही. ज्या निर्णयावर बाहेरून कोणाची नजर नाही, त्याची गुणवत्ता तो घेणाऱ्याच्या शिस्तीवरच अवलंबून राहते. म्हणून चौकशी अधिकाऱ्याची पदे वेळेवर भरणे, त्यांना कायद्याचे व हिशेबाचे प्रशिक्षण देणे आणि खात्याच्या अपेक्षेविरुद्ध गेलेला अहवाल लिहिणाऱ्याच्या पुढील सेवेवर त्याचा परिणाम होऊ न देणे, या तीन गोष्टींवर शासनाने किती लक्ष दिले, हेच अंतर्गत शिस्तीबाबतच्या त्याच्या गांभीर्याचे खरे माप ठरते.